प्रश्न क्रमांक अकरा

आमच्या घरी भाजी निवडायचं काम ओसरीवर चाले आणि सरकारला प्रश्न विचारायचं कामही तिथेच चाले. लहानपणी मला ही दोन्ही कामं एकाच जातीची वाटत. एका टोकाला माय आणि मळ्यातल्या दोन बाया आंबाडीच्या जुड्या बांधत, वांग्यांतली किडकी बाजूला काढत, बाजाराच्या टोपल्या भरत. दुसऱ्या टोकाला सतरंजीवर बाबा, त्यांच्यापुढे कुठल्या तरी गावचे चार पागोटेवाले आणि भिंतीला पाठ लावून बसलेले मुन्शीजी. पागोटेवाले एकदम बोलत. कोंडवाड्याच्या रखवालदारानं बैल उपाशी ठेवला, नाल्यावरचा पूल बांधतो म्हणून साहेब दोनदा येऊन फीत लावून गेला, दवाखान्यात डाक्टर आहे पण दवा नाही. बाबा ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "विचारतो." एवढ्यावर ती माणसं समाधानानं उठत आणि मायनं दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकून निघून जात. विचारल्यानं पूल होतो कसा, हे मला कळत नसे. मी मायला विचारलं तर ती म्हणाली, "पूल नाही होत व. पन त्यायले बरं वाटते."

बाबा कौन्सिलचे मेंबर होते. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत मॅट्रिक होणारे ते पहिले, वकिलीची परीक्षा देणारे पहिले, आणि नागपुरात जाऊन कोटाची बटणं लावून भाषण करणारेही पहिलेच. अकोल्याच्या बाजारात त्यांना तोंडावर मेंबरसाहेब म्हणत आणि पाठ वळली की माळ्याचा मेंबर म्हणत. आमचं वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा आणि कौन्सिल मध्यप्रांताच्या राजधानीत. म्हणून वऱ्हाडच्या मेंबराची गंमत अशी होती, की लोकांनी त्याला रीतसर निवडून दिलं तरी गव्हर्नरसाहेब त्याला पुन्हा नव्यानं नेमत. मळा सांभाळणारे माझे धाकटे काका म्हणत, "म्हंजे सोयरीक लोकायनं जमवली, न् हयद सरकारनं लावली." बाबांना हे मुळीच आवडत नसे. "मले लोकायनं देलं आहे," ते म्हणत, आणि ताटावरून उठून हात धुवायला जात.

अधिवेशनाला जायची त्यांची तयारी म्हणजे घराला लग्नघाई. वळकटी, कागदांची पेटी आणि भाजीची एक मोठी टोपली, एवढं सामान त्यांच्याबरोबर रेल्वेत चढे. टोपलीत वांगी, हिरव्या मिरच्या, कोवळी काकडी आणि वर ओल्या फडक्यात शेवंतीची फुलं. नागपूरला ते ज्या बिऱ्हाडी उतरत तिथे आणखी तीन-चार मेंबर असत, आणि म्हणे बाबा भाषण काय करणार यापेक्षा टोपलीत काय आलंय याची त्यांना जास्त उत्सुकता. ते गेले की ओसरी ओकीबोकी होई. मळ्यातल्या विहिरीवरचं मोटेचं चाक कुरकुरे, दुपारी कापसाच्या जिनाचा भोंगा वाजे, माय कढीगोळे करून आम्हाला वाढी आणि म्हणे, "तिकडे काय खात असतीन कोन जाने." मी मात्र दुसराच विचार करीत असे. तिथे खुर्च्या कशा मांडल्या असतील? सरकार नावाचा माणूस कुठे बसत असेल? प्रश्न विचारला की तो लाजत असेल का रागावत असेल?

या सगळ्याची उत्तरं मला मुन्शीजींकडून मिळाली. त्यांचं खरं नाव फार लांबलचक होतं. सगळं गाव त्यांना मुन्शीजीच म्हणे. एकेकाळी कचेरीत होते. इंग्रजी अक्षर असं, की साहेबलोकही कागद हातात धरून बघत बसत. मोतीबिंदूनं त्यांच्या डोळ्यांवर साय धरायला लागली तेव्हा नोकरी गेली आणि बाबांनी त्यांना ओसरीवर आणून बसवलं. मी मराठी चौथी पास होऊन शाळेतून मोकळी झाले होते. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत त्यापुढे इंग्रजीचा वर्गच नव्हता. दिवसभर वांगी निवडायची, म्हणून मी मुन्शीजींच्या शेजारी सरकत सरकत गेले. त्यांनी मला आधी ए-बी-सी-डी गिरवायला दिली, मग जुने प्रश्न नकलायला दिले आणि वर्षभरानं प्रश्नांची पक्की नक्कल माझ्याच हातची व्हायला लागली. बाबा मराठीत बोलत, मुन्शीजी डोळे मिटून त्याचं इंग्रजी करीत, मी लिहून घेई. त्यामुळे माझं इंग्रजी फार चमत्कारिक झालं. मला इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं. पण 'सरकार कृपा करून सांगेल काय' हे मी झोपेतसुद्धा लिहिलं असतं.

प्रश्नाचे नियम असत. प्रश्नात फक्त माहिती मागायची. वाद घालायचा नाही, टोमणा मारायचा नाही, आपलं मत सांगायचं नाही. "बेटी, सवाल में गुस्सा नको डालना," मुन्शीजी सांगत. "गुस्सा डाले तो सवाल खारिज. इत्ता ठंडा लिखना, के सामनेवालेकू पसीना छूटे." पुढे मी अमरावतीला मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. निबंध कसा लिहावा यावर मोठमोठी पुस्तकं वाचली. या सल्ल्यापेक्षा शहाणं त्यांत काही सापडलं नाही.

त्या वर्षी पोळा झाला आणि पातूरचं एक स्थळ आलं. घर चांगलं होतं, पानमळे होते, मुलगा सालस होता असं सगळे म्हणत. काकांनी मनावरच घेतलं. "शाळा तं झालीच आहे तिची. आता काहून थांबा?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, शाळा खरोखरच झाली होती. मला तेरावं लागलं होतं. पातूरच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, त्याला मी पाहिलाही नव्हता. पण 'शाळा झाली' या शब्दांचा मला फार राग येई, कारण ती मी संपवलेली नव्हती, तिथे पुढचा वर्गच नव्हता. मी बाबांना विचारलं, "बाबा, इंग्रजीचा वर्ग काहून नाही आपल्या इथं?" ते कागद चाळत होते. म्हणाले, "पाहू." चार दिवसांनी पुन्हा विचारलं, ते म्हणाले, "पाहू न." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि कचेरीत गेले. दिवाळीनंतर पातूरची माणसं बोलणी करायला येणार असं ठरलं.

पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न पाठवायचे दिवस आले. या खेपेला बरेच होते, दोन डझनांच्या घरात. बाबा एका खटल्यात गुंतलेले, ओसरीवर माणसांची रीघ, आणि कागद त्याच दिवशीच्या टपालात पडायला हवे होते. मी नक्कल करत होते. दहावा प्रश्न एका गावच्या विहिरीचा होता. तो संपला तेव्हा माझी लेखणी आपोआपच पुढे चालली, असं सांगायला मला आवडलं असतं, पण ते खोटं आहे. तो प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवत होते. मी अकरा आकडा घातला आणि मुन्शीजींच्या वळणदार पद्धतीनं लिहिलं: सरकार कृपा करून सांगेल काय, की (अ) अकोल्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीचा वर्ग नाही, हे खरे आहे काय? (ब) असल्यास, त्याचे कारण काय? (क) तो केव्हा उघडण्याचा सरकारचा विचार आहे? राग घातला नाही. पुढच्या प्रश्नांचे आकडे एकेकानं वाढवले. मुन्शीजींना सगळे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचे असत. दहाव्यावरून मी बाराव्यावर उडी मारली आणि त्याला अकरावा म्हणाले. ते डोळे मिटून मान डोलावत राहिले. एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला मी फसवलं, याची लाज मला आजही वाटते. बाबांनी उभ्या उभ्या सही केली आणि कागद गेले.

नंतर मात्र माझी झोप उडाली. बाबा टोपली घेऊन नागपूरला गेले तेव्हा मी मुन्शीजींना आडवळणानं विचारून पाहिलं, की मेंबर आपले प्रश्न तिथे वाचून दाखवतात का. "नहीं बेटी. सब छपे हुए रहते. अध्यक्ष नाम पुकारता, मेंबर उठके सिर्फ नंबर बोलता. फिर सरकार का आदमी जवाब पढता." मला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. म्हणजे बाबा उभे राहून फक्त 'अकरा' म्हणणार, आणि आपण काय विचारलंय हे त्यांना सरकारकडूनच कळणार. आपलं एकदा लिहून झालेलं ते पुन्हा कधीच वाचत नसत, हे मला पक्कं ठाऊक होतं. या सगळ्या भीतीत एक गोष्ट मला आत आत गुदगुल्या करीत होती, ती इथे कबूल करते. अकोल्यातल्या एका ओसरीवरून मी, वेणू, सरकारला विचारलं होतं, आणि सरकारला आता उत्तर शोधावं लागत असणार. कोणी तरी कारकून माझ्यासाठी कपाटं उघडत असणार.

बाबा परतले ते सकाळच्या गाडीनं. टांग्यातून उतरले, विहिरीवर अंघोळ केली, मायनं वाढलेली भाकर आणि वांग्याचं भरीत खाल्लं.  मग ओसरीवर येऊन बसले आणि आलेल्या माणसांना त्यांनी दुपारी यायला सांगितलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मुन्शीजी होते, माय दारात उभी होती, काका मळ्यातून नुकतेच आले होते. बाबांनी पेटीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. न् मराठीत सांग, तुह्या मायले समजलं पायजे."

मी वाचायला लागले. (अ) होय. (ब) या वर्गासाठी शिक्षिका देण्याची तयारी सरकारनं दर्शवली होती. परंतु स्थानिक शाळा कमिटीनं अशा वर्गाची तूर्त गरज नाही असा ठराव केला. हा ठराव... इथे मी थांबले. मला वाटलं आपल्याला इंग्रजी नीट येत नाही. पुन्हा वाचलं. हा ठराव प्रश्न विचारणाऱ्या माननीय सदस्यांनी स्वतः मांडला होता. (क) प्रश्न उद्भवत नाही.

 काकांनी हातातला विळा खाली ठेवला. माय म्हणाली, "म्हंजे? हे कोन सदस्य?" मुन्शीजींनी घसा साफ केला आणि मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.  माझी चोरी उघडी पडली याचं दुःख आता मागे पडलं होतं. वर्षभर मी ज्याला सरकारचा दुष्टपणा समजत होते तो माझ्या समोर बसला होता, नुकतीच अंघोळ करून, ओल्या केसांनी. इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल.

"बाबा, तुमी?" मी म्हणाले. "तुमी नाही म्हटलं?"

 त्यांनी सांगितलं. कमिटीत वर्गाची गोष्ट निघाली तेव्हा कोणाच्या मुली येतील याची यादी करायला घेतली. पहिलं नाव माझंच पडलं. बाकीचे म्हणाले, आधी मेंबरसाहेबांची पोरगी जाऊ द्या, मग आमच्या पाहू. यादीत एकच नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी तरी बाबांना ऐकू जाईल असं म्हणालं, की माळ्याच्या एका पोरीसाठी सरकारी मास्तरीण येऊन राहिली. ते शब्द बाबांना इतके झोंबले, की पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः उठून ठराव मांडला. "मी लोकायचा मानूस, वेणू," ते म्हणाले. "कोंडवाड्यातल्या बैलासाठी मांगतो, पुलासाठी मांगतो. माह्याच पोरीसाठी कसं मांगू? लोकं काय म्हनतीन?"

"मंग बाकीच्या पोरीसाठी मांगाचं होतं," मी म्हणाले.

माय दारातून म्हणाली, "वेणू!" पण तिच्या आवाजात जोर नव्हता. बाबांनी तो कागद हातात घेतला, त्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. मग त्यांनी, माझ्यावर न ओरडता, खरोखर कळत नसल्यासारखं विचारलं, "पन तू मले घरीच काहून नाही विचारलं?"

"विचारलं. तीनदा विचारलं," मी म्हणाले. "तुमी पाहू म्हटलं. नागपुरात उत्तर द्याच लागते, म्हनून तिथं विचारलं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मुन्शीजी हळूच म्हणाले, "मेंबरसाहेब, सवाल में गुस्सा तो था नहीं." बाबा उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं, नेहमीसारखे कचेरीत गेले. ते त्या दिवशी कमिटीच्या एकेका सभासदाच्या घरी गेले होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्याच आठवड्यात त्यांनी काकांना पातूरला पाठवून सांगितलं, की पोरगी अजून शिकून राहिली आहे, त्यांनी थांबू नये. काका तोंड वाकडं करून गेले आणि तिथून पानांची करंडी घेऊन खुशीत परत आले. पातूरचे लोक मनानं मोठे होते.

वर्ग उघडायला मृगापर्यंत वाट पाहावी लागली. जुना ठराव रद्द करायचा ठराव बाबांनीच मांडला. त्या बैठकीत म्हणे एक सभासद इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. गावच्या वर्तमानपत्रानंही सोडलं नाही. आपणच मारायचं आणि आपणच रडायचं, असं काहीसं त्यात छापून आलं. पहिल्या दिवशी वर्गात आम्ही चौघी होतो. बाबा घरोघर फिरले नसते तर मी एकटीच असते. ती मास्तरीण फार कडक होती आणि माझं पहिलंच वाक्य ऐकून तिनं विचारलं, "हे असलं इंग्रजी कुठे शिकलीस ग?" त्यापुढे मला अमरावतीला आत्याकडे ठेवलं, तिथली शाळा झाली, नोकरी झाली, तो निराळा पसारा आहे.

पुढच्या निवडणुकीत बाबा पडले. त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस गावोगाव तीच गोष्ट सांगत फिरला, आणि गोष्ट सांगण्यासारखी होतीच. ज्याला आपण काय केलं तेच ठाऊक नाही, तो तुमचं काय करणार, असं तो विचारी. मी अमरावतीहून आले आणि मळ्यात बाबांपुढे बसून रडले. ते वाफ्याला पाणी देत होते. म्हणाले, "तू काहून रडून राहिली? पडलो तं माह्याच पायानं पडलो." त्यानंतर ते कधीच उभे राहिले नाहीत. ओसरीवरची माणसं हळूहळू कमी झाली, मुन्शीजी वारले, कागदांची पेटी माळ्यावर गेली.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं. वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. नागपूरहून कौन्सिलच्या कामकाजाचं छापील पुस्तक आलं. ते दर अधिवेशनाचं येई, अधिवेशन संपून कितीतरी महिन्यांनी येई, आणि आमच्या घरात ते कोणी उघडत नसे. त्यात सभागृहात बोललेला शब्द न् शब्द छापलेला असे. माझा प्रश्न छापलेला कसा दिसतो हे मला बघायचं होतं. माय तांदूळ निवडत होती, बाबा कोर्टात होते. मी पान शोधून काढलं. अकरा होता, माझ्या (अ), (ब), (क)सकट. खाली सरकारचं उत्तर होतं, मग कंसात 'हशा' असा शब्द होता. उत्तर आवडलं नाही तर मेंबराला तिथल्या तिथे उठून आणखी विचारता येई. बाबा उठले होते. मी मायला एकेक ओळ मराठीत सांगायला लागले.

बाबांनी विचारलं होतं, ठराव मांडणाऱ्या सदस्याचं त्या वेळी चुकलं होतं, असं सरकारला वाटतं काय? सरकारचा माणूस म्हणाला होता, हा मताचा प्रश्न आहे, त्यावर सरकार काही सांगू शकत नाही. पुन्हा हशा. बाबा म्हणाले होते, मग सदस्य स्वतःच सांगतो. चुकलं होतं. अध्यक्षांनी त्यांना थांबवलं होतं, की हा प्रश्न नव्हे, हे निवेदन झालं. सदस्यांनी खाली बसावं. तरी बाबा आणखी एक वाक्य बोलून मगच बसले होते: हा प्रश्न मी लिहिलेला नाही, पण तो माझाच समजावा.

म्हणजे टांग्यातून उतरून माझ्यापुढे कागद ठेवायच्या कितीतरी आधी, साहेबलोकांच्या समोर, हशा चालू असताना, ते हे बोलून आले होते. आणि घरी येऊन त्यातला एक शब्दही आम्हाला त्यांनी सांगितला नव्हता.  माय हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होती.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

"चुकलं म्हटलं? एवढ्या लोकाईत?"

"हो."

 मायनं डोळ्यांना पदर लावला, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "घरात तं आजवर एकदाही नाही म्हटलं यायनं."